प्रकाशीय तबकडी

प्रकाशीय तबकडी किंवा ऑप्टिकल डिस्क हे लेसर किरणांच्या साहाय्याने वाचले जाणारे, माहिती साठवण्याचे चपटे व वर्तुळाकार साधन आहे. कॉम्पॅक्ट डिस्क म्हणजेच सीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे डिस्क हे तिचे तीन प्रमुख प्रकार होत. ध्वनी, चित्रपट, छायाचित्रे, संगणकीय आज्ञावली व दस्तऐवज साठवण्यासाठी १९८० च्या दशकापासून तिचा जगभर वापर झाला. मराठीत 'तबकडी' हा शब्द पूर्वी ग्रामोफोनच्या ध्वनिमुद्रिकेसाठी रूढ होता. पुढे तो या नव्या साधनालाही लावला गेला.

ग्रामोफोनची सुई ध्वनिमुद्रिकेला प्रत्यक्ष घासत जाते. प्रकाशीय तबकडीला वाचताना केवळ प्रकाशाचा स्पर्श होतो, त्यामुळे वारंवार वाजवल्याने ती झिजत नाही. यावरून ती अक्षय टिकते, असा समज आरंभीच्या काळात पसरला होता. प्रत्यक्षात तबकडीतील धातूचा थर, रंगद्रव्य आणि चिकटद्रव्य यांचा काळाच्या ओघात ऱ्हास होतो. हा ऱ्हास किती वेगाने होईल, हे तबकडीची रचना आणि तिची निगा या दोन्हींवर अवलंबून असते.

## इतिहास

प्रकाशाच्या साहाय्याने तबकडीवर माहिती नोंदवण्याच्या कल्पनेवर अमेरिकेत डेव्हिड पॉल ग्रेग आणि जेम्स रसेल यांनी १९६० च्या दशकात स्वतंत्रपणे काम केले. या तंत्रावर आधारलेले पहिले व्यापारी उत्पादन म्हणजे १९७८ मध्ये अमेरिकेत विक्रीस आलेली लेसरडिस्क. सुमारे ३० सेंटिमीटर व्यासाच्या या तबकडीवर चित्रपट साठवलेला असे.

नेदरलँड्समधील फिलिप्स आणि जपानमधील सोनी या कंपन्यांनी १९७९ पासून एकत्रितपणे ध्वनीसाठी लहान तबकडी विकसित केली. तिचे तांत्रिक मानक १९८० मध्ये निश्चित झाले. मुखपृष्ठाच्या रंगावरून ते 'रेड बुक' या नावाने ओळखले जाते. १७ ऑगस्ट १९८२ रोजी जर्मनीतील हानोफरजवळच्या लांगनहागन येथील कारखान्यात सीडीचे उत्पादन सुरू झाले. १ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीचा सीडीपी-१०१ हा पहिला सीडी प्लेअर जपानमध्ये विक्रीस आला.

त्यानंतर संगणकीय माहितीसाठी सीडी-रॉम, १९९० मध्ये मानक ठरलेली व घरी लिहिता येणारी सीडी-आर, १९९३ मध्ये चित्रपटांसाठी व्हीसीडी, १९९६ मध्ये जपानमध्ये डीव्हीडी, १९९७ मध्ये पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू आणि २००६ मध्ये ब्लू-रे डिस्क असा क्रमाने विस्तार झाला.

## रचना

प्रमाणित तबकडीचा व्यास १२० मिलिमीटर, जाडी १.२ मिलिमीटर आणि मधल्या छिद्राचा व्यास १५ मिलिमीटर असतो. ८० मिलिमीटर व्यासाच्या छोट्या तबकड्याही वापरात होत्या. काही व्हिडिओ कॅमेऱ्यांत अशाच छोट्या डीव्हीडी बसत.

छापील सीडीचे थर खालून वर पुढीलप्रमाणे असतात:

1. पॉलिकार्बोनेट या पारदर्शक व कणखर प्लॅस्टिकचा मुख्य थर. याच्या वरच्या पृष्ठावर माहितीच्या सूक्ष्म खाचा उमटवलेल्या असतात.
2. खाचांवर चढवलेला परावर्तक धातूचा, बहुधा ॲल्युमिनियमचा, अत्यंत पातळ थर.
3. धातूचे हवेपासून रक्षण करणारा पारदर्शक लेप.
4. छपाई किंवा लेबल.

या रचनेतून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. सीडीतील माहिती चकचकीत बाजूला नसून लेबलाच्या बाजूला, पृष्ठभागाच्या अगदी लगत असते. खालून लेसर किरणाला १.२ मिलिमीटर जाडीचे प्लॅस्टिक पार करावे लागते; वरून मात्र माहिती आणि बाहेरचे जग यांच्यामध्ये केवळ लेप आणि शाई असते. सर्वसाधारणपणे लोक चकचकीत बाजूला जपतात आणि सीडी टेबलावर लेबलाची बाजू खाली करून ठेवतात. सीडीच्या बाबतीत लेबलाची बाजूच अधिक नाजूक असते. त्या बाजूने पडलेला खोल ओरखडा धातूचा थरच खरवडून काढतो आणि तेथील माहिती कायमची नष्ट होते.

डीव्हीडीची रचना वेगळी आहे. प्रत्येकी ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवून ती तयार केली जाते आणि माहितीचा थर मधोमध येतो. त्यामुळे वरच्या ओरखड्यांपासून ती अधिक सुरक्षित असते. परंतु वाकवल्यास दोन चकत्यांमधील जोड सुटण्याचा धोका असतो. ब्लू-रेमध्ये माहितीचा थर वाचनाच्या बाजूच्या पृष्ठापासून केवळ ०.१ मिलिमीटर आत असतो. म्हणून त्या बाजूला ओरखडे न पडणारा कठीण लेप दिलेला असतो.

## वाचनाची प्रक्रिया

माहितीच्या खाचा एका सलग सर्पिल मार्गावर असतात. हा मार्ग ग्रामोफोनच्या उलट, आतून बाहेरच्या दिशेने जातो. सीडीवरील मार्ग सरळ केला तर त्याची लांबी पाच किलोमीटरहून अधिक भरेल. मार्गावरून किरण दर सेकंदाला १.२ ते १.४ मीटर या स्थिर वेगाने जावा लागतो. म्हणून ध्वनीची सीडी आतील भाग वाचताना मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते आणि बाहेरच्या कडेजवळ सुमारे २००.

लेसर किरण सपाट भागावर पडला की बहुतांश प्रकाश परत येतो. खाचेवर पडला की खाचेतून व भोवतालच्या भागातून परतणाऱ्या प्रकाशलहरी परस्परांना क्षीण करतात आणि परावर्तन मंदावते. खाच म्हणजे शून्य व सपाट भाग म्हणजे एक, असे सर्रास सांगितले जाते. ते बरोबर नाही. खाचेची सुरुवात किंवा शेवट, म्हणजेच परावर्तनातील बदल, 'एक' दर्शवतो आणि दोन बदलांमधील अंतरावरून शून्यांची संख्या कळते.

किरण तबकडीच्या पृष्ठावर शिरतो तेव्हा त्याचा ठिपका बराच मोठा असतो. आतील थरावर पोहोचेपर्यंत तो मायक्रोमीटरच्या मापात एकवटतो. त्यामुळे पृष्ठावरील धूलिकण व बारीक चरे किरणाच्या दृष्टीने अस्पष्ट राहतात. चष्म्याच्या काचेवरचा लहानसा कण दूरचे पाहताना जाणवत नाही, तसाच हा प्रकार आहे. खालच्या बाजूला अनेक ओरखडे दिसत असूनही कित्येक सीडी सुरळीत चालतात, याचे एक कारण हे होय.

लेसरची तरंगलांबी जितकी कमी आणि भिंगाची प्रकाश एकवटण्याची क्षमता जितकी अधिक, तितका ठिपका लहान होतो व तितक्या लहान खाचा वाचता येतात. तीन प्रकारांमधील फरक पुढील तक्त्यात दिला आहे.

| गुणधर्म | सीडी | डीव्हीडी | ब्लू-रे |
|---|---|---|---|
| लेसरची तरंगलांबी | ७८० नॅनोमीटर | ६५० नॅनोमीटर | ४०५ नॅनोमीटर |
| लगतच्या फेऱ्यांमधील अंतर | १.६ मायक्रोमीटर | ०.७४ मायक्रोमीटर | ०.३२ मायक्रोमीटर |
| सर्वांत लहान खाचेची लांबी | ०.८३ मायक्रोमीटर | ०.४० मायक्रोमीटर | ०.१५ मायक्रोमीटर |
| वाचनाच्या बाजूने माहितीची खोली | १.२ मिलिमीटर | ०.६ मिलिमीटर | ०.१ मिलिमीटर |
| एका थराची साठवणक्षमता | ६५० ते ७०० मेगाबाइट | ४.७ गिगाबाइट | २५ गिगाबाइट |

दोन थरांच्या डीव्हीडीची क्षमता ८.५ गिगाबाइट, तर दोन थरांच्या ब्लू-रेची ५० गिगाबाइट असते.

### त्रुटिसुधारणा

कोणतीही तबकडी संपूर्ण निर्दोष नसते. म्हणून मूळ माहितीसोबत पडताळणीची जादा माहितीही नोंदवलेली असते. अमेरिकन गणितज्ञ अर्व्हिंग रीड व गुस्ताव सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेल्या संकेतपद्धतीचा यासाठी उपयोग केला जातो. शिवाय लगतची माहिती तबकडीवर विखरून लिहिली जाते. एका जागी इजा झाली तरी प्रत्येक गटातील थोडाच अंश नष्ट होतो आणि उरलेल्या अंशावरून तो पुन्हा काढता येतो. सीडीवर मार्गाच्या दिशेने सुमारे २.५ मिलिमीटर लांबीपर्यंतची सलग हानी या पद्धतीने पूर्णपणे भरून निघते.

ध्वनीच्या सीडीत न सुधारलेली त्रुटी आजूबाजूच्या स्वरांवरून अंदाजाने झाकता येते. अक्षरे किंवा आकडे असे अंदाजाने भरता येत नाहीत. म्हणून संगणकीय सीडीत त्रुटिसुधारणेचा आणखी एक स्तर असतो: २,३५२ बाइटांच्या प्रत्येक खंडात प्रत्यक्ष माहिती २,०४८ बाइटच असते.

या व्यवस्थेचा दुसरा परिणाम असा, की ऱ्हास दीर्घकाळ लपून राहतो. त्रुटी वाढत असतानाही तबकडी नेहमीसारखीच चालते आणि सुधारणेची मर्यादा ओलांडली गेली की अचानक वाचेनाशी होते. कालपर्यंत चालत होती, एवढ्यावरून ती सुस्थितीत आहे असे अनुमान काढता येत नाही.

## लेखनाच्या पद्धतीनुसार प्रकार

छापील तबकडी. कारखान्यात साच्याच्या साहाय्याने खाचा प्लॅस्टिकमध्ये उमटवल्या जातात. दुकानात विकत मिळणारी गाणी व चित्रपट बहुधा या प्रकारच्या तबकड्यांवर असतात. खाचा प्लॅस्टिकचाच भाग असल्याने हा प्रकार सर्वसाधारणपणे अधिक टिकाऊ असतो.

एकदाच लिहिता येणारी तबकडी. सीडी-आर व डीव्हीडी-आर यांत प्रत्यक्ष खाचा नसतात. प्लॅस्टिक व धातू यांच्यामध्ये सेंद्रिय रंगद्रव्याचा थर असतो. लिहिताना तीव्र लेसर त्याला ठिकठिकाणी तापवून त्याचे प्रकाशीय गुणधर्म बदलतो. सायनिन, थॅलोसायनिन व ॲझो ही यासाठी वापरली जाणारी प्रमुख रंगद्रव्ये आहेत. कापडाचा रंग उन्हाने विटतो, तसे हे रंगद्रव्यही उष्णता व अतिनील किरणांनी बिघडते. घरगुती समारंभांच्या तबकड्या बहुतांशी याच प्रकारच्या असतात.

पुनर्लेखनक्षम तबकडी. सीडी-आरडब्ल्यू व डीव्हीडी-आरडब्ल्यू यांत विशिष्ट मिश्रधातूचा थर असतो. लेसरच्या उष्णतेने तो स्फटिकी व अस्फटिकी अवस्थांमध्ये आलटून पालटून नेता येतो. असे सुमारे एक हजार वेळा करता येते. दीर्घकालीन जतनासाठी हा प्रकार योग्य मानला जात नाही.

असेंद्रिय थराची तबकडी. एम-डिस्क या प्रकारात रंगद्रव्याऐवजी दगडासारखा टिकाऊ असेंद्रिय थर वापरला जातो. ती लिहिण्यासाठी अनुरूप ड्राइव्ह लागतो; वाचण्यासाठी साधा ड्राइव्ह सहसा पुरतो.

## ऱ्हासाची कारणे

### धातूचा गंज

ओलावा व प्राणवायू आत शिरल्यास ॲल्युमिनियमचे ऑक्सिडीकरण होऊन परावर्तकता घटते. अनेक लेसरडिस्कमध्ये दोन चकत्या जोडणाऱ्या थरातून असा बिघाड झाला. चांदीचा थर गंधकाच्या संयुगांनी काळवंडतो. इंग्लंडमधील ब्लॅकबर्न येथील कारखान्यात १९८८ ते १९९३ या काळात तयार झालेल्या अनेक सीडी कडेपासून ब्राँझसारख्या तपकिरी पडत गेल्या. त्यांवरील संरक्षक लेप सोबतच्या कागदातील गंधकाला रोखू शकला नव्हता. सोने गंजत नाही, म्हणून अभिलेखागारांसाठीच्या काही सीडी-आरमध्ये सोन्याचा परावर्तक थर वापरला जातो.

### उष्णता, प्रकाश व आर्द्रता

उष्णतेने रंगद्रव्याचा ऱ्हास वेगाने होतो आणि असमान तापल्यास तबकडी वाकडी होते. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ठेवलेल्या तबकड्यांना हे दोन्ही धोके असतात. आर्द्रता धातू, लेप व चिकटद्रव्य या तिन्हींना बाधते. २००१ मध्ये माद्रिद येथील संशोधकांनी बेलिझ या उष्ण व दमट देशातील एका सीडीवर जिओट्रिकम वंशातील बुरशी आढळल्याचे प्रसिद्ध केले. ही बुरशी कडेने आत शिरून माहितीच्या थरापर्यंत पोहोचली होती.

### मानवी हाताळणी

बोटांचे ठसे, ओरखडे, वाकवणे, बॉलपेनने लिहिणे व चिकट लेबले लावणे ही नित्याची कारणे होत. अर्धवट सुटलेले किंवा तिरके लावलेले लेबल वेगाने फिरणाऱ्या तबकडीचा तोल बिघडवते. ते ओढून काढण्याचा प्रयत्न केल्यास सीडीचा धातूचा थरही सोबत निघण्याची शक्यता असते.

## आयुर्मान

तबकडीचे निश्चित आयुष्य सांगता येत नाही. कॅनडाच्या जतन संस्थेच्या मार्गदर्शक अंदाजांनुसार सोन्याचा थर व थॅलोसायनिन रंगद्रव्य असलेली सीडी-आर १०० वर्षांहून अधिक, छापील ध्वनी-सीडी ५० ते १०० वर्षे, तर सायनिन किंवा ॲझो रंगद्रव्याची सीडी-आर २० ते ५० वर्षे टिकू शकते. याउलट अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने लिहिण्यायोग्य सीडी व डीव्हीडींचे अनुभवास येणारे आयुष्य २ ते ५ वर्षे इतकेच धरण्याचा सावध सल्ला दिला आहे.

या दोन अंदाजांतील तफावत परिस्थितीच्या फरकातून येते. पहिला अंदाज चांगले उत्पादन व चांगली साठवण गृहीत धरतो. दुसरा अंदाज सुमार दर्जाच्या तबकड्या, घाईचे लेखन आणि अनियंत्रित हवामान यांचा विचार करतो. घरातील तबकड्यांची स्थिती बहुधा दुसऱ्या गटाच्या जवळ असते.

## निगा

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २००३ मध्ये सीडी व डीव्हीडींच्या हाताळणीविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. पुढे दिलेले बहुतेक नियम तिच्याशी सुसंगत आहेत.

### हाताळणी

* तबकडी बाहेरच्या कडेने किंवा मधल्या छिद्राच्या आधाराने धरावी.
* डबीतून काढताना मधली पकड दाबून सैल करावी. कड ओढून तबकडी वाकवू नये.
* काम संपताच ती डबीत ठेवावी. टेबलावर कोणत्याही बाजूने उघडी ठेवू नये.
* नाव लिहायचे झाल्यास लेबलाच्या बाजूला, मऊ टोकाच्या व द्रावकविरहित शाईच्या पेनने लिहावे. मधल्या छिद्राभोवतीच्या पारदर्शक कड्यावर लिहिणे सर्वांत सुरक्षित असते.
* तडा गेलेली तबकडी ड्राइव्हमध्ये घालू नये. संगणकाच्या वेगवान ड्राइव्हमध्ये ती मिनिटाला सुमारे दहा हजार फेऱ्यांपर्यंत फिरू शकते व तुकडे होऊन ड्राइव्ह निकामी करते.

### साठवण

* तबकड्या पुस्तकांप्रमाणे उभ्या ठेवाव्यात. वर्षानुवर्षे आडव्या ठेवल्यास त्या वाकण्याचा संभव असतो.
* प्रत्येक तबकडीला स्वतंत्र कडक डबी असावी. कागदी पाकिटे व मऊ पीव्हीसीची पाने असलेले अल्बम दीर्घ साठवणीसाठी टाळावेत.
* दीर्घकालीन साठवणीसाठी सुमारे १८ अंश सेल्सिअस तापमान व ४० टक्के सापेक्ष आर्द्रता शिफारस केलेली आहे.
* तापमानात अचानक बदल होऊ देऊ नये. थंड जागेतून दमट हवेत आणलेल्या तबकडीवर दव धरते.
* कोऱ्या तबकडीचे वेष्टन लिहिण्याच्या वेळीच उघडावे.

महाराष्ट्रातील सर्वसामान्य घरांत वरील तापमान व आर्द्रता वर्षभर राखणे शक्य नसते. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते, तर विदर्भात उन्हाळ्यात तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते. अशा ठिकाणी तबकड्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह, घराच्या आतील थंड खोलीतील बंद कपाटात ठेवणे हितावह ठरते. बाहेरच्या भिंतीला लागून असलेले, ओल येणारे कपाट, पत्र्याखालचा माळा आणि टीव्हीवरची किंवा खिडकीतली जागा टाळावी. पुड्यांतील जेल ओलावा शोषून निकामी होते. ते वेळोवेळी बदलावे.

### स्वच्छता

धूळ प्रथम हवेच्या फुंकणीने उडवावी. तोंडाने फुंकू नये, कारण थुंकीचे कण पृष्ठावर पडतात. डाग असल्यास मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे, सरळ रेषेत पुसावे. गोलाकार पुसू नये. सरळ पुसताना चरा पडलाच, तर तो मार्गाला आडवा छेदतो व प्रत्येक फेरीतील अत्यल्प अंश बाधित होतो. गोल चरा मार्गाच्या दिशेने जातो, सलग माहिती झाकतो आणि त्रुटिसुधारणेची मर्यादा ओलांडू शकतो.

चिकट डागांसाठी पाण्यात सौम्य साबणाचे काही थेंब किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरता येते. नखांचा रंग काढण्याचे ॲसिटोन, थिनर किंवा पेट्रोल कधीही वापरू नये. ती पॉलिकार्बोनेटला विरघळवतात किंवा धुरकट करतात.

### ओरखड्यांची दुरुस्ती

वाचनाच्या बाजूचे ओरखडे घासून काढण्याची यंत्रे प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा काढून पृष्ठ पुन्हा गुळगुळीत करतात. सीडी व डीव्हीडीसाठी हा उपाय काही वेळा लागू पडतो. दंतमंजनाच्या पेस्टने घासण्याचा घरगुती उपायही याच तत्त्वावर आधारलेला आहे. परंतु त्यातून नवे चरे पडू शकतात. वाचता येईल तेवढी माहिती आधी उतरवून घ्यावी आणि मगच असा प्रयोग करावा. सीडीच्या लेबलाच्या बाजूची इजा कोणत्याही घासण्याने भरून येत नाही. ब्लू-रेचा वरचा थर अतिशय पातळ असल्याने ती घासू नये.

## माहितीचे स्थलांतर

उत्तम निगा राखल्याने तबकडीचे आयुष्य वाढते, पण माहिती कायम टिकण्याची हमी मिळत नाही. शिवाय तबकडी सुस्थितीत असूनही ती वाचणारे यंत्र उपलब्ध नसल्यास तिचा उपयोग उरत नाही. नव्या लॅपटॉप संगणकांतून अंगभूत ड्राइव्ह जवळजवळ नाहीसा झाला आहे. यूएसबीने जोडता येणारा बाह्य ड्राइव्ह मात्र वापरता येतो. म्हणून महत्त्वाच्या माहितीची प्रत दुसऱ्या माध्यमावर काढणे हा जतनाचा मुख्य उपाय मानला जातो.

प्रती काढताना पुढील क्रम सोयीचा ठरतो:

1. जगात ज्यांची दुसरी प्रत नाही अशा तबकड्या आधी घ्याव्यात: लग्न व मुंजीची चित्रणे, दिवंगत व्यक्तींचे आवाज, शाळेच्या स्नेहसंमेलनांची मुद्रणे, छायाचित्रे. बाजारात मिळणारी गाणी व चित्रपट नंतर घेता येतात.
2. त्यांतही पुनर्लेखनक्षम आणि अडखळत वाचल्या जाणाऱ्या तबकड्यांना अग्रक्रम द्यावा.
3. एका ड्राइव्हवर न वाचली गेलेली तबकडी दुसऱ्या ड्राइव्हवर वाचून पाहावी. ड्राइव्हच्या वाचनक्षमतेत फरक असतो. वाचनाचा वेग कमी केल्यानेही कधी कधी यश येते.
4. छोट्या कॅमेरा-डीव्हीडीचे मुद्रण 'फायनलाइज' केलेले नसल्यास ती सहसा ज्या कॅमेऱ्यावर लिहिली त्यावरच चालते. कॅमेरा चालू स्थितीत असेपर्यंत ते काम पूर्ण करावे.
5. प्रत काढल्यावर ती उघडून अखेरपर्यंत तपासावी. फाइलींची केवळ नावे दिसणे पुरेसे नाही.
6. एकूण तीन प्रती, दोन भिन्न प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांपैकी एक प्रत वेगळ्या ठिकाणी, हा जतनाच्या क्षेत्रातील रूढ संकेत पाळावा.

प्रत काढल्यावर मूळ तबकडी लगेच टाकून देऊ नये. हार्ड डिस्क अचानक बिघडू शकते. तबकडी हे तिच्यापेक्षा वेगळ्या स्वरूपाचे माध्यम असल्याने दोहोंचा एकाच वेळी नाश होण्याची शक्यता कमी असते. विकत घेतलेल्या कलाकृतींच्या प्रती वाटणे किंवा विकणे हे मात्र भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ अन्वये प्रताधिकाराचे उल्लंघन ठरते.

## भारतातील वापर

भारतात व्हीसीडी हा प्रकार विशेष लोकप्रिय झाला. एका व्हीसीडीवर सुमारे ७४ मिनिटांचे चित्रण मावत असल्याने एका चित्रपटासाठी दोन किंवा तीन तबकड्या लागत. हिंदी चित्रपटांप्रमाणेच मराठी चित्रपट, नाटके, कीर्तने व भक्तिगीते तबकड्यांवर विकली जात. मोझर बेअर या भारतीय कंपनीने २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात चित्रपटांच्या तबकड्या अत्यल्प किमतीत विकण्यास सुरुवात केली. पुढे मागणी घटली आणि २०१८ मध्ये कंपनी अवसायनात गेली.

याच काळात लग्नसमारंभाच्या व्हिडिओ कॅसेटची जागा 'लग्नाच्या सीडी'ने घेतली. बहुतेक घरांत ही सीडी प्रत्यक्षात स्वस्त सीडी-आर किंवा डीव्हीडी-आर असते आणि तिची मूळ चित्रफीत छायाचित्रकाराकडेही उरलेली नसते. त्यामुळे एका पिढीच्या कौटुंबिक स्मृती अल्पायुषी रंगद्रव्याच्या थरावर अवलंबून आहेत.

## इतर उपयोग व विल्हेवाट

तबकडीवर दिसणारे इंद्रधनुषी रंग प्रकाशाच्या विवर्तनाने निर्माण होतात. सीडीवरील मार्गाच्या फेऱ्या दर मिलिमीटरला ६२५ इतक्या दाट असल्याने ती विवर्तन जालकासारखी काम करते. शालेय विज्ञानात निरनिराळ्या दिव्यांच्या वर्णपटांची तुलना करण्यासाठी निरुपयोगी सीडी वापरता येते. सूर्याचे प्रतिबिंब मात्र तिच्यात पाहू नये आणि सूर्यग्रहण पाहण्यासाठी गाळणी म्हणून ती डोळ्यांसमोर धरू नये. दोन्ही गोष्टी डोळ्यांना अपायकारक आहेत. शेतात पक्षी बुजवण्यासाठीही जुन्या सीडी टांगल्या जातात.

खासगी माहिती असलेली सीडी टाकून देण्यापूर्वी लेबलाची बाजू खोल खरवडावी. डीव्हीडी व ब्लू-रेचे तुकडे करावेत. तुकडे करताना डोळ्यांचे रक्षण करावे. तबकड्या जाळू नयेत. पॉलिकार्बोनेटचा पुनर्वापर होऊ शकतो, म्हणून त्या ई-कचरा किंवा प्लॅस्टिक संकलन केंद्रात द्याव्यात.

## सद्यस्थिती

इंटरनेटवरून ध्वनी व चित्रपट थेट मिळू लागल्यापासून तबकड्यांचा वापर झपाट्याने घटला. पॅनासोनिकने २०२३ मध्ये व सोनीने २०२५ मध्ये लिहिण्यायोग्य ब्लू-रे डिस्कचे उत्पादन थांबवले. छापील तबकड्या संग्राहकांसाठी अजूनही निघतात. माध्यम म्हणून प्रकाशीय तबकडीचा काळ सरत असला, तरी तिच्यावर नोंदलेली माहिती असंख्य घरांत, शाळांत व ग्रंथालयांत पडून आहे. तबकड्या वाचनीय आहेत आणि त्या वाचणारी यंत्रे उपलब्ध आहेत, तोपर्यंतच ही माहिती नव्या माध्यमावर नेता येईल.